मतदारयादीतील नाव : विली वेलास्केझ यांचे जीवनकार्य

स्मरणिकेत थोर व्यक्तींची चरित्रे देण्याचा प्रघात जुना आहे. या वेळी आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यांचे नाव आपल्याकडे फारसे ऐकिवात नाही. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक समाजात मात्र ते आदराने घेतले जाते. विल्यम वेलास्केझ, म्हणजेच सर्वांचे विली वेलास्केझ, यांनी कोणतेही निवडून येण्याचे पद कधी भूषविले नाही, कोणताही पक्ष स्थापन केला नाही. त्यांना अवघे 44 वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यातील शेवटची 14 वर्षे त्यांनी एकाच कामात घालविली. आपल्या समाजातील माणसांची नावे मतदारयादीत नोंदविणे, त्यांना मतदानापर्यंत आणणे आणि त्यांचे मत वाया जाऊ नये अशी व्यवस्था घडवून आणणे, हे ते काम होय. सांगायला इतके साधे वाटणारे हे काम करायला किती कठीण असते, याची जाणीव व्हावी म्हणून आम्ही हे चरित्र निवडले आहे.

टेक्सास हा प्रांत पूर्वी मेक्सिकोचा भाग होता. 1836 मध्ये तो स्वतंत्र झाला आणि 1845 मध्ये अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाला. पुढे युद्धानंतर 1848 च्या तहाने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि आसपासचा विस्तीर्ण मुलूखही अमेरिकेकडे आला. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी स्पॅनिशभाषक माणसे राहत्या घरातून न हलता एका देशातून दुसऱ्या देशात गेली. नंतरच्या काळात मेक्सिकोतून रोजगारासाठी आलेल्या लाखो कुटुंबांची त्यांत भर पडली. कागदोपत्री यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेचे नागरिक होते. प्रत्यक्षात त्यांच्या मुलांना वेगळ्या, निकृष्ट शाळांत बसविले जाई, शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई, आणि अनेक गावांत उपाहारगृहांची व दुकानांची दारे त्यांना बंद असत. नागरिकत्व होते, पण नागरिकाची प्रतिष्ठा नव्हती.

विली यांचा जन्म 9 मे 1944 रोजी फ्लोरिडातील ऑर्लॅन्डो येथे झाला. महायुद्धाचे दिवस होते आणि वडील सैन्यात होते. कुटुंब मूळचे टेक्सासमधील सॅन अँटोनिओचे, आणि विली वाढले ते त्याच शहराच्या पश्चिम भागात. हा भाग मेक्सिकन-अमेरिकन कष्टकऱ्यांचा. रस्ते कच्चे, सांडपाण्याची सोय अपुरी. जोराचा पाऊस झाला की घराघरांत पाणी शिरे. वडील मांस-प्रक्रिया उद्योगात खाटकाचे काम करीत आणि कामगार संघटनेत सक्रिय असत. संघटना म्हणजे काय, सभा कशी भरवतात, सभासद कसा जोडतात, याचे पहिले धडे मुलाला घरातच मिळाले.

शालेय शिक्षण सेंट्रल कॅथलिक हायस्कूलमध्ये झाले. पुढे त्याच शहरातील सेंट मेरीज विद्यापीठातून विली यांनी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदवी घेतली आणि अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला प्रारंभ केला. परराष्ट्र खात्यात नोकरी करावी, अशी त्यांची आकांक्षा होती. पश्चिम भागातल्या खाटकाच्या मुलाने राजनैतिक सेवेचे स्वप्न पाहावे, हेच मोठे होते. परंतु 1966 साली त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले.

ते वळण समजून घेण्यासाठी त्या काळातील मतदानाची स्थिती पाहिली पाहिजे. टेक्सासमध्ये 1902 पासून मतदानासाठी कर भरावा लागे. वर्षाला दीड-पावणेदोन डॉलरची ही रक्कम आज क्षुल्लक वाटेल. शेतमजुराच्या घरात नवरा-बायको दोघांचा कर भरणे म्हणजे काही दिवसांची मजुरी सोडणे होते. शिवाय हा कर निवडणुकीच्या कितीतरी महिने आधी भरावा लागे, म्हणजे उमेदवार कोण हेही ठाऊक नसताना. दक्षिण टेक्सासच्या काही परगण्यांत त्याहून वाईट प्रकार होता. तेथील जमीनदार व स्थानिक पुढारी मजुरांचा कर स्वतः भरत, पावत्या स्वतःजवळ ठेवत आणि निवडणुकीच्या दिवशी मजुरांना जथ्याने मतदानाला नेत. 1948 मध्ये लिंडन जॉन्सन सिनेटच्या प्राथमिक निवडणुकीत अवघ्या 87 मतांनी विजयी ठरले. त्या वेळी अलिस या गावच्या 13 क्रमांकाच्या मतपेटीत मागाहून सुमारे दोनशे नावांची भर पडल्याचे आढळले. ही नावे बहुतांशी मेक्सिकन-अमेरिकनांची होती आणि ती वर्णानुक्रमाने, एकाच हाताने लिहिल्यासारखी नोंदलेली होती. नाव गरिबाचे आणि मत धन्याचे, अशी ती रीत होती.

संघीय निवडणुकांसाठी हा कर 1964 मध्ये घटनादुरुस्तीने रद्द झाला आणि राज्यातील निवडणुकांसाठी 1966 मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने. येथे आपल्या वाचकांनी एक तुलना मनाशी करून पाहावी. मताधिकार मालमत्तेवर व शिक्षणावर मोजला जाऊ नये, ही भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाच्या कितीतरी आधी मांडली होती, आणि 1950 मध्ये आपल्या संविधानाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला हा अधिकार विनाअट दिला. स्वतःला जगातील अग्रणी लोकशाही म्हणविणाऱ्या देशाच्या टेक्सास प्रांतात गरिबाचे मत त्यानंतर 16 वर्षांनी करमुक्त झाले.

1966 च्या जूनमध्ये टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, स्टार परगण्यातील खरबुजांच्या मळ्यांवरील मजुरांनी संप पुकारला. मागणी होती तासाला सव्वा डॉलर मजुरीची. कॅलिफोर्नियात सेझार चावेझ यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतमजूर संघटनेचे वारे येथपर्यंत पोचले होते. मजुरांचा मोर्चा शेकडो मैल चालत राजधानी ऑस्टिनला निघाला. राज्यपाल जॉन कॉनली वाटेतच येऊन भेटले आणि आपण राजधानीत मोर्चाला सामोरे जाणार नाही, असे सांगून निघून गेले. बावीस वर्षांच्या विली यांनी पदव्युत्तर शिक्षण अर्धवट टाकून या संपाच्या कामात उडी घेतली. संपकऱ्यांसाठी मदत गोळा करणे आणि मळेवाल्यांच्या मालावर बहिष्कार घडवून आणणे, ही कामे त्यांनी केली.

संप यशस्वी झाला नाही. राज्याच्या टेक्सास रेंजर्स या सशस्त्र पोलीस दलाने धरपकड केली, मारहाण केली. 1967 च्या सप्टेंबरात आलेल्या चक्रीवादळाने पिकेच झोपवली आणि संपात उरलेसुरले बळही संपले. या पराभवातून विली यांनी जो धडा घेतला, तो त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया ठरला. मजुरांची बाजू न्याय्य होती, त्यांचा निर्धारही पक्का होता. परंतु परगण्याचा शेरीफ, न्यायाधीश, आयुक्त आणि राज्यपाल, ही सारी माणसे निवडून आलेली होती आणि त्यांना मजुरांच्या मतांची भीती नव्हती. ज्याच्या मताची कोणाला गरज नाही, त्याच्या मोर्चापुढे थांबण्याचीही कोणाला गरज वाटत नाही.

1967 मध्ये सेंट मेरीजच्या परिसरातील पाच तरुणांनी मिळून मेक्सिकन-अमेरिकन युवक संघटना स्थापन केली. विली त्यांतील एक होते. होसे आन्हेल गुतियेरेझ आणि मारिओ कोम्पेआन हे त्यांचे सहकारी. शाळांतील भेदभावाविरुद्ध विद्यार्थ्यांचे बहिष्कार, गरीब वस्त्यांतील आंदोलने अशी कामे या संघटनेने धडाडीने केली. 1968 मध्ये विली मेक्सिकन-अमेरिकन युनिटी कौन्सिल या संस्थेचे पहिले संचालक झाले. संघटनेची भाषा मात्र दिवसेंदिवस जहाल होत गेली. सॅन अँटोनिओचेच मेक्सिकन-अमेरिकन खासदार हेन्री गोन्झालेझ यांनी 1969 मध्ये संघटनेवर आणि तिला पैसा पुरविणाऱ्या प्रतिष्ठानांवर उघड टीकास्त्र सोडले. समाजातच दोन तट पडले.

याच सुमारास मित्रांनी स्वतंत्र राजकीय पक्ष काढण्याचे ठरविले. 1970 च्या आरंभी ला रासा उनिदा हा पक्ष उभा राहिला आणि क्रिस्टल सिटी या लहानशा गावात त्याने शाळामंडळ व नगरपरिषद जिंकून सर्वांना चकित केले. विली या मार्गाने गेले नाहीत. सहकाऱ्यांशी संबंध दुरावले, तरुणांच्या उत्साहापुढे त्यांची भूमिका मिळमिळीत ठरली. त्यांचे म्हणणे असे होते की, ज्या समाजाचे निम्मे लोक मतदारयादीतच नाहीत त्याने आधी पक्ष काढणे म्हणजे पायाआधी कळस रचणे होय. पक्ष कोणताही असो, त्याने आपल्या दारी यावे इतकी मते आधी यादीत हवीत. इतिहासाने दोन्ही बाजूंना थोडा थोडा न्याय दिला. नव्या पक्षाने हजारो तरुणांना निर्भय केले, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. पण 1978 च्या निवडणुकीनंतर त्याने टेक्साससारख्या बालेकिल्ल्यात मतपत्रिकेवरील स्थानही गमावले. विली यांनी आरंभिलेली संस्था आजही काम करीत आहे.

त्या संस्थेची उभारणी सोपी नव्हती. 1969 च्या करकायद्यातील सुधारणेनुसार, मतदार नोंदणीसाठी प्रतिष्ठानांकडून देणगी घेणाऱ्या संस्थेने किमान पाच राज्यांत काम करावे, एकाच निवडणुकीपुरते काम करू नये आणि कोणत्याही एकाच देणगीदारावर फार अवलंबून राहू नये, अशा अटी आल्या होत्या. कार्य पक्षनिरपेक्ष असणेही बंधनकारक होते. विली यांनी या अटींचा काच सोसला आणि त्यांतूनच संस्थेचा आराखडा तयार केला. टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया ही नैर्ऋत्येकडील पाच राज्ये हे तिचे प्रमुख कार्यक्षेत्र ठरले. आराखडे, देणगीदारांच्या भेटी, सरकारी मान्यता यांत काही वर्षे गेली. अखेर 1974 च्या जुलैमध्ये सॅन अँटोनिओ येथे साउथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट, अर्थात नैर्ऋत्य मतदार नोंदणी व शिक्षण प्रकल्प, सुरू झाला. तिच्या स्पॅनिश घोषवाक्यात मत आणि आवाज या दोन शब्दांचे नादसाम्य साधले होते. माणसाचे मत हाच त्याचा आवाज, असा त्याचा आशय होता.

अमेरिकेत मतदारयादी तयार करण्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे, हे येथे सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे यादी तयार करण्याची जबाबदारी मुख्यत्वे निवडणूक यंत्रणेची असते आणि कर्मचारी घरोघर येतात. तेथे नागरिकाने स्वतः पुढाकार घेऊन नाव नोंदवावे लागे. टेक्सासमध्ये तर 1971 पर्यंत ही नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागत असे. मजुरीसाठी राज्याराज्यांतून फिरणाऱ्या कुटुंबाला, इंग्रजी न येणाऱ्या वृद्धेला, कचेरीच्या पायरीवर अपमान सोसलेल्या माणसाला ही नोंदणी म्हणजे एक उंच भिंतच होती.

विली यांची कार्यपद्धती अत्यंत शिस्तबद्ध होती. बाहेरून कार्यकर्ते आणून गावात मोहीम करावी आणि निघून जावे, हे त्यांना मान्य नव्हते. गावातील निरनिराळ्या गटांनी, म्हणजे चर्च, कामगार संघटना, माजी सैनिक, पालक, तरुण यांनी, आपसांतील हेवेदावे बाजूला ठेवून एक समिती बनवावी, मग संस्था तिला प्रशिक्षण व थोडासा निधी देई. घर न्‌ घर गाठायचे, कोणत्या गल्लीत किती प्रौढ आहेत आणि त्यांपैकी किती जणांची नावे यादीत आहेत याचा तक्ता करायचा, नोंदणी झालेल्या माणसाला मतदानाच्या आधी पुन्हा भेटायचे, असा क्रम असे. मोठ्या शहरांइतकेच लक्ष ते लहान गावांकडे देत. लहान गावात काही शेकडा मतांनी शाळामंडळ बदलते आणि शाळामंडळ बदलले की मुलांचा वर्ग बदलतो, हे त्यांनी ओळखले होते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते आधी विचारत आणि मग बोलत. त्यांची संस्था वस्त्यांमध्ये पाहण्या करी. लोकांना कशाची चिंता आहे, हे आकड्यांनिशी समजून घेई. पाहण्यांतून वर येत त्या गोष्टी साध्या असत : गल्लीत दिवे नाहीत, पाणी तुंबते, रस्ता खचला आहे, शाळेत शिक्षक टिकत नाहीत, काम मिळत नाही. तरुणपणी मोठमोठ्या घोषणा ऐकलेल्या विली यांनी हे मनोमन स्वीकारले की, तुंबलेले गटार हाही राजकारणाचा विषय आहे आणि बहुतेक माणसांसाठी तोच पहिला विषय आहे. ज्या आईच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरते, तिला मताचे महत्त्व व्याख्यानातून पटत नाही. गटाराचा निर्णय कोण घेतो आणि त्याला कोण निवडते, हे दाखविले की पटते.

नोंदणी वाढू लागली, तसा दुसरा अडथळा दिसू लागला. मते वाढूनही उमेदवार हरत होते. कारण शोधताना विली यांचे लक्ष नकाशांकडे गेले. पुष्कळ शहरांत प्रभागच नव्हते. संपूर्ण शहर हा एकच मतदारसंघ, आणि प्रत्येक नगरसेवकाची निवड साऱ्या शहराने करायची. अशा रचनेत एखाद्या वस्तीने शंभर टक्के मते एकाच उमेदवाराला दिली, तरी उर्वरित शहराच्या बहुमतापुढे ती बुडून जात. जेथे प्रभाग होते, तेथे सीमारेषा अशा आखलेल्या असत की एक सलग वस्ती तीन-चार प्रभागांत फाटून जावी आणि कोठेही तिचे बहुमत होऊ नये. परगण्यांच्या आयुक्त मंडळांतही हाच प्रकार होता.

तेव्हापासून नोंदणी आणि न्यायालयीन लढा अशा दोन्ही आघाड्या एकाच वेळी चालू झाल्या. 1968 मध्ये सॅन अँटोनिओतच स्थापन झालेली मेक्सिकन-अमेरिकन विधी संरक्षण निधी ही वकिलांची संस्था या लढ्यात सोबत होती. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास विधानसभेच्या संदर्भात डॅलस आणि बेक्सार या परगण्यांतील बहुसदस्यीय मतदारसंघ रद्द ठरविले होते. बेक्सार हा सॅन अँटोनिओचाच परगणा. 1975 मध्ये 1965 च्या मताधिकार कायद्याची मुदत वाढविताना त्याचे संरक्षण भाषिक अल्पसंख्याकांनाही देण्यात आले. त्यासाठी टेक्सासच्या कृष्णवर्णीय खासदार बार्बरा जॉर्डन यांनी केलेले प्रयत्न स्मरणीय आहेत. दोन वंचित समाज एका कायद्यासाठी एकत्र आले, हे त्या यशाचे मर्म होते. टेक्सासमध्ये स्पॅनिश भाषेतील मतपत्रिका आली, आणि निवडणुकीच्या नियमांत बदल करण्यापूर्वी केंद्राची संमती घेणे राज्यावर बंधनकारक झाले.

या साऱ्याचे फळ सॅन अँटोनिओने स्वतः पाहिले. शहराची सुमारे निम्मी लोकसंख्या मेक्सिकन-अमेरिकन होती, तरी 1955 पासून जवळजवळ दोन दशके नगरपरिषद एका धनिक मंडळाच्या हाती होती. शहराने बाहेरचे गोऱ्या वस्तीचे भाग सामील करून घेतले, तेव्हा नव्या कायद्याच्या आधारे केंद्रीय न्याय खात्याने 1976 मध्ये त्यास हरकत घेतली. शहरापुढे दोन पर्याय उरले : न्यायालयात भांडावे किंवा प्रभाग पाडावेत. 1977 च्या जानेवारीत झालेल्या सार्वमतात नागरिकांनी निसटत्या बहुमताने प्रभागपद्धती स्वीकारली. दहा प्रभाग आणि एक महापौर अशी रचना झाली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अकरांपैकी पाच जागा मेक्सिकन-अमेरिकनांना आणि एक कृष्णवर्णीयांना मिळाली. पश्चिम भागातील सांडपाण्याच्या कामांसाठी कॉप्स ही चर्चप्रणीत वस्ती-संघटना 1974 पासून झगडत होती. तिच्या मागण्यांना आता सभागृहात बसलेले कान मिळाले. 1981 मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. सुमारे 140 वर्षांनंतर त्या शहराला मेक्सिकन-अमेरिकन महापौर लाभला.

हे यश एकट्या विली यांचे नव्हते, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. परंतु एका शहरात घडले ते पाच राज्यांतील लहानमोठ्या गावांत पुन्हा पुन्हा घडावे, यासाठी लागणारी यंत्रणा त्यांनी उभी केली होती. ॲरिझोना व न्यू मेक्सिको येथील मूळनिवासी समाजाच्या राखीव प्रदेशांतही त्यांनी नोंदणीमोहिमा नेल्या. त्यांच्या हयातीत सुमारे 200 शहरांत व राखीव प्रदेशांत मिळून 1,000 च्या आसपास मोहिमा झाल्या. 1974 मध्ये निवडून आलेल्या लॅटिनो लोकप्रतिनिधींची संख्या दीड हजारांच्या आसपास होती. 1988 मध्ये ती तीन हजारांच्या पुढे गेली. शाळामंडळाचा सदस्य, परगण्याचा आयुक्त, न्यायाधीश, नगरसेवक, अशी ही साधी पदे होती. मजुरांच्या संपात ज्या खुर्च्या विली यांना दुरून दिसल्या होत्या, त्या याच.

हा सारा व्याप सांभाळताना निधीची चणचण नित्याची होती. पक्षांच्या पुढाऱ्यांना ते नकोसे वाटत, कारण आयत्या गठ्ठा मतांचे दिवस त्यांच्यामुळे संपत होते. निवडून आलेली आपली माणसे पुढे आपल्याच वस्तीला विसरतात, हाही अनुभव येत असे. विली यांनी त्यामुळे काम सोडले नाही. निवडणूक म्हणजे कामाचा शेवट नसून हिशेब मागण्याची सुरुवात आहे, असे ते मानीत. म्हणूनच संस्थेला जोडून त्यांनी एक संशोधन संस्थाही उभी केली. लोकप्रतिनिधींपुढे आणि मतदारांपुढे आकडे ठेवणे हे तिचे काम. तीच आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. 1981 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना राजकारणाच्या अध्ययनासाठी निमंत्रित केले. शिक्षण अर्धवट सोडून संपात गेलेला तरुण आता नामांकित विद्यापीठात स्वतःचा अनुभव शिकवीत होता.

1988 हे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे वर्ष होते. संस्थेतून काही काळ बाजूला होऊन मायकेल डुकाकिस यांच्या प्रचारात काम करण्याची त्यांची तयारी चालली होती. तोच मूत्रपिंडाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. रोग फार पुढे गेलेला होता. 15 जून 1988 रोजी सॅन अँटोनिओ येथे त्यांचे निधन झाले. मागे पत्नी, तीन मुले आणि अर्ध्या वाटेवर असलेले काम राहिले. सहकारी अँड्र्यू हर्नांडेझ यांनी संस्थेची धुरा उचलली आणि ते काम थांबले नाही. 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी विली यांना मरणोत्तर स्वातंत्र्यपदक प्रदान केले. त्या देशातील नागरिकाला मिळणारा हा सर्वोच्च सन्मान होय. त्याच्या आदल्याच वर्षी तो सेझार चावेझ यांनाही मरणोत्तर देण्यात आला होता. एकाने मजुराला संघटना दिली, दुसऱ्याने मतदाराला.

विली यांच्या आयुष्यात नाट्य थोडे आणि चिकाटी फार, असे वाचकांना वाटेल. तेच आम्हांला मोलाचे वाटते. अधिकार मिळविण्यासाठी झालेल्या लढ्यांच्या कथा आपण आपल्या मुलांना सांगतो आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. अधिकार मिळाल्यानंतरचे काम मात्र बिनगाजावाजाचे असते : यादी वाचणे, नकाशा पाहणे, दार वाजविणे, पुन्हा वाजविणे. ते काम करणारा माणूस मिळाला नाही, तर मिळालेला अधिकार कागदावरच राहतो. टेक्सासमधील मजुराला त्याची किंमत मोजावी लागली. आपल्यालाही ती मोजावी लागू शकते.

निवासी शाळेत शिकलेल्या मुलामुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अगदी जवळचा आहे. शिक्षणासाठी गाव सुटते, नोकरीसाठी जिल्हा सुटतो, आणि नाव कोठल्या यादीत आहे याचा पत्ता राहत नाही. गावी ते कमी झालेले असते, शहरात चढलेले नसते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी ही स्मरणिका मिटल्यावर एवढे एक काम करावे : आपल्या घरातील प्रत्येक प्रौढाचे नाव आज जेथे राहतो तेथील यादीत आहे की नाही, हे तपासावे. पालकांनी अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलीच्या नावाचाही अर्ज मुलाच्या बरोबरीने भरावा. लग्न होऊन जाईल तेव्हा पाहू, असे म्हणू नये. नगरपालिकेची वा महानगरपालिकेची प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध होते, तेव्हा हरकती व सूचनांसाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत नकाशा उघडून आपली वस्ती कोठे जोडली वा तोडली आहे, हे कोणीतरी पाहिले पाहिजे. ग्रामसभेच्या नोटिशीचेही तसेच.

सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागातील एका खाटकाच्या मुलाने सारे आयुष्य नेमके याच कामाला दिले. तो भाग आजही गरिबीतून पुरता सुटलेला नाही. मतदानाने सारे प्रश्न सुटतात, असे कोणी म्हणणार नाही. पण तेथील गटाराचा प्रश्न आता ज्या सभागृहात निघतो, तेथे त्या भागाने निवडून दिलेला माणूस बसलेला असतो, आणि त्याला पुढच्या निवडणुकीत पुन्हा त्याच दारांपुढे उभे राहावे लागते.